कोरी खिडकी

१

त्या वर्षात मला झोप पुरायची नाही. पन्नाशी जवळ आलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात नवी डिजिटल मशीनं येऊन पडलेली. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. मशीन बंद पडलं की 'अप्पाराव कुठं मेला?' आणि चालू असलं की अप्पाराव जिवंत आहे का, तेही कुणी विचारायचं नाही. आता रिटायर झालोय, पण त्या दिवसांचा थकवा अजून अंगातून गेलेला नाही.

पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर नवं पॅनल बसवलं होतं. वर तांबडे आकडे पळायचे. खाली काडेपेटीएवढ्या खिडक्यांची एक ओळ. खिडकी म्हणजे दुधी प्लास्टिकचं झाकण, त्याच्या मागं अक्षरांची पट्टी आणि पट्टीमागं बल्ब. बल्ब लागला की अक्षरं उजळायची. मशीनला आपल्याशी काय बोलायचं ते तिथं दिसायचं. भानगड एवढीच की पॅनल परदेशातून आलेलं, अक्षरं इंग्रजी. आणि प्रेसवरची माणसं फुलंब्रीची, कन्नड तालुक्यातली, अजिंठ्याकडची. ती रंग बघून अंदाज बांधायची. अशा मशीनवर अंदाज चुकला की बोटं जातात. जुन्या प्रेसवर ते माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि ते मला परत बघायचं नव्हतं.

म्हणून मी आमच्या मॅनेजरला, काकासाहेबांना, विचारून पट्ट्या मराठीत करायला घेतल्या.

त्या प्रेसवर माझे दाजी होते. सांडू त्यांचं नाव. माझी धाकटी बहीण साळू, तिचा नवरा. मीच त्यांना गावाकडनं आणून चिकटवलं होतं. ते प्रेसवर उभे राहिले त्या दिवशी साळू माझ्या घरी आली, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, "दादा, त्यांचे हात मी तुझ्या हवाली केलेत. बाकी मला काय कळत नाय."

मी पहिल्यांदा लिहिलं होतं 'हात काढा'. दाजींनी ते वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"पाव्हणं, हे लई तोडून बोलल्यावाणी वाटतंय. माणूस कामात असला की आधी चिडतो, मग वाचतो."

"मग काय लिहू? आरती ओवाळू?"

"तुम्ही मला घरी कसं म्हणाल, तसं लिहा की."

मी विचार केला. दाजींना मी कसं म्हणेन? 'हात मागं घ्या.' तेच लिहिलं. 'तयार', 'चालू', 'तेल बघा' आणि 'हात मागं घ्या'. मग कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लाइट लागली की माणूस वाचायच्या आधीच हात मागं घ्यायचा. पोरं हसायची, "अप्पाराव खिडकीत बसून बोलतेत."

शेवटची एक खिडकी उरली. ती जास्तीची होती, पुढंमागं लागली तर असू द्यावी म्हणून ठेवलेली. तिला पट्टी नाही, बल्ब नाही, वायरसुद्धा जोडलेली नाही. मी आतनं फडकं फिरवलं आणि झाकण लावून टाकलं.

२

आपल्याकडं दिवेलागणीला लाइट लावली की माणूस हात जोडतो. लहानपणापासूनचं वळण ते, त्यात विचार काही नसतो. बटण दाबलं, उजेड पडला, हात आपोआप छातीशी येतात.

प्रेसवरही तेच सुरू झालं. पाळी सुरू होताना 'तयार'ची खिडकी उजळली की ऑपरेटर हात जोडायचा. गेलेली वीज परत आली, खिडकी उजळली, परत हात जोडायचा. त्या काळात वीज काय, पाव्हण्यासारखी यायची आणि जायची. तेवढे नमस्कार.

तो नामांतराचा हिवाळा होता. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय आज होणार, उद्या होणार. एक दिवस मोर्चा, एक दिवस बंद. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या, भिंतींवर रोज नव्या घोषणा. आमच्या शेडमध्ये मारामारी झाली नाही, खोटं कशाला बोलू. पण डबे वेगवेगळ्या कोपऱ्यात उघडायला लागले. आधी सकाळी गेटमधनं आत येताना कुणी रामराम म्हणायचं, कुणी जय भीम, कुणी सलाम. समोरचा आपल्या परीनं उत्तर द्यायचा. त्या हिवाळ्यात ते बंद पडलं. माणसं एकमेकांच्या बाजूनं मान खाली घालून जायची.

पण 'तयार'च्या खिडकीला मात्र सगळे नमस्कार करायचे. दाजी हात जोडायचे. प्रेसवरचाच दुसरा ऑपरेटर सखाराम हात जोडून हळूच जय भीम म्हणायचा. युनूसभाई फिटर कपाळाला बोटं लावायचा. मला ते बघून वाईट वाटायचं. माणसाला करायचा राहिलेला नमस्कार हे लोक मशीनला करतायत असं वाटायचं. पण बोलायचं त्राण कुणाला होतं?

३

त्या दिवशी दुपारी वीज गेली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत आली. मी प्रेसजवळच होतो, हातात टेस्टर. 'तयार' उजळलं. दाजींनी हात जोडले.

आणि ओळीतली शेवटची खिडकी उजळली.

अक्षर नाही, काही नाही. नुसता दुधी चौकोन. क्षणभर राहिला आणि विझला. दाजींनी हात खाली घेतले आणि कामाला लागले.

"दाजी, ती कोपऱ्यातली लागली होती का आत्ता?"

"लागती की. रोज लागती."

"रोज?"

"व्हय. आपण हात जोडले की लागती." ते पत्रा सरकवत होते, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुम्हीच बसवली ना? मला वाटलं तुम्हाला ठावं आसंल."

मी हो म्हणालो. काय म्हणणार? इलेक्ट्रिशियन माणसानं 'मला माहीत नाही' म्हटलं की लोक मशीनपासून लांब पळतात. मी टेस्टर खिशात घातला आणि पाळी संपायची वाट बघत राहिलो.

४

पाळी संपल्यावर प्रेसचा मेन स्विच बंद केला आणि युनूसभाईला बोलावून झाकण उघडलं. होल्डर रिकामा. आत माझ्या फडक्याचा एक धागा अडकलेला, तोसुद्धा तसाच.

"बलबइच नै है इसमें," युनूसभाई म्हणाला. "वायर भी नै. किसने बोला जलता है?"

"मी बघितलंय."

"नींद पूरी करो, अप्पाराव."

त्याचं बरोबर होतं. मी स्वतःला समजावलं. शेजारच्या खिडकीचा उजेड फटीतनं येत असेल. शेडच्या छताला काचा आहेत, दुपारचं ऊन तिथनं तिरपं पडतं. खात्री व्हावी म्हणून मी शेजारच्या खिडकीच्या आणि हिच्या मधल्या फटीत काळा पुठ्ठा बसवला, आणि कोऱ्या खिडकीवर वरनं काळी इन्सुलेशन टेप लावली. दोन पदरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ होतं, ऊन नव्हतं. सखाराम पाळीवर होता. 'तयार' लागलं, त्यानं हात जोडले, तोंडातल्या तोंडात जय भीम म्हणाला. टेपच्या चारी कडांनी उजेडाची बारीक रेघ दिसली. मागं कुणी कंदील धरावा तशी.

सखारामनं माझ्याकडं बघितलं.

"साहेब, ती टेप काढा," तो म्हणाला. "बरं दिसत नाय ते."

"का? काय झालं?"

"कुणाच्या तोंडावर पट्टी लावल्यावाणी वाटतंय."

मी टेप काढली. काढताना हाताला झाकण गार लागलं. बल्बचं झाकण कोमट तरी लागायला पाहिजे. मग आठवलं, बल्ब नाहीच आहे. तर ते गारच असणार. एवढं साधं गणित, पण ते सुटल्याचं समाधान काही वाटलं नाही.

५

काकासाहेब वाईट माणूस नव्हता. वरचे साहेब त्याला दाबायचे, तो खालच्यांना दाबायचा. ऑर्डर अडलेली, बंदमुळं माणसं कमी, आणि आमचे ऑपरेटर लाइटला नमस्कार करण्यात गुंतलेले. त्यानं एक दिवस शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर झाडलं.

"हे काय देवघर आहे का? लाइट लागली की बटण दाबायचं. हात जोडत बसायचं नाही. उद्यापासून मला एकजण जरी दिसला तरी पाळीवरनं उतरवीन."

मी म्हणालो, "साहेब, हात जोडले की ते मशीनच्या बाहेर असतात. मला तर ते बरंच वाटतं."

"अप्पाराव, तुम्ही पट्ट्या लिहा."

झालं. दाजींनी 'नाय जोडणार, साहेब' असा शब्द दिला.

दाजी शब्दाला पक्के. उद्यापासून म्हणजे उद्यापासून. 'तयार' लागलं की दोन्ही हात दोन बटणांवर ठेवायचे आणि घट्ट दाबून धरायचे. नमस्कार दाबल्यासारखे. मला बघवत नव्हतं. बाकीच्यांनीही बंद केलं.

मला वाटलं, आता तरी ती खिडकी विझेल. हात जोडले की लागते, नाही जोडले तर नाही लागणार, सरळ हिशेब. पण नाही. ती लागायची. आधी क्षणभर राहायची, आता रेंगाळायला लागली. 'तयार' लागायच्याही आधी लागून बसायची. आपण एखाद्याच्या दारात हात जोडून उभं राहावं आणि आतल्या माणसानं मान वर करू नये, तसं काहीतरी. मी तिच्याकडं बघायचं टाळायचो. पण पाठ केली की मानेवर ते जाणवायचं.

"दाजी, तुम्हाला काही वाटतं का हो?"

"काय वाटायचं?" त्यांनी नजर चुकवली. मग हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, कुणी रामराम केला आन् आपण उत्तर दिलं नाय, की दिवसभर चुकल्यावाणी होतं बघा. तसं होतंय. हात दुखतेत. जोडायचे राहिले म्हणून दुखतेत."

मी त्यांना म्हटलं चार दिवस रजा टाका. ते म्हणाले बंदच्या दिवसांत रजा मागितली तर काकासाहेब काय म्हणेल. तेही खरं होतं.

६

संक्रांत जवळ आली होती. त्या दिवशी शहर बंद होतं. कंपनीच्या बस निघाल्या नाहीत. दाजी मुकुंदवाडीहून चालत आले, मीही चालत. सखाराम कुठनं कसा आला त्यालाच माहीत. मोठ्या शेडमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं. बाकीची मशीनं बंद, त्यामुळं इतकं शांत की दुसऱ्या टोकाला कुणी खोकलं तरी ऐकू येत होतं. काकासाहेब दारात उभा. काहीही करून एक प्रेस चालवा म्हणाला.

मी प्रेस तपासली. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस पाडणारी ती दोन बटणं, वायरिंग, हात दिसला की प्रेस थांबवणारा डोळा. स्वतःचा हात घालून बघितला. 'हात मागं घ्या' उजळलं. सगळं ठीक. मी समाधानानं हात काढला आणि बाजूला झालो.

दाजींनी काम सुरू केलं. पत्रा आत, हात बाहेर, दोन बटणं, धाड. पत्रा आत, हात बाहेर, धाड. तो आवाज रिकाम्या शेडमध्ये भिंतीवर जाऊन परत यायचा. मला गुंगी येत होती. खांबाला टेकून उभा होतो.

मग आवाज परत यायचा थांबला. कसं सांगू? प्रेस पडायची, धाड व्हायचं, पण भिंतीकडनं उत्तर यायचं नाही. मी डोळे ताणून उघडले.

पॅनलवरच्या सगळ्या खिडक्या विझलेल्या होत्या. 'तयार' नाही, 'चालू' नाही. दाजींचे दोन्ही हात प्रेसच्या आत, पत्रा नीट बसवत होते. हात आत असताना 'हात मागं घ्या' लागायला पाहिजे होतं. लागलं नव्हतं.

फक्त शेवटची लागली होती. कोरी.

दाजींनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. मी बघितलं, तिला उत्तर द्यायला पाहिजे हे त्यांना कळलंय. त्यांचे खांदे उचलल्यासारखे झाले, हात जोडायला निघणार होते, आणि त्यांनी ते धरून ठेवले. काकासाहेब दारात उभा होता ना. शब्द दिला होता ना. माणूस शब्दासाठी हात आत ठेवून उभा राहिला.

'हात मागं घ्या' हे माझेच शब्द. ते मला ओरडायला हवे होते. तोंडातून निघालं भलतंच.

"दाजी, नमस्कार करा!"

त्यांचे हात बाहेर आले आणि छातीशी जुळले. वळणच ते, विचार न करता होतं. त्याच क्षणी प्रेस पडली. बटणांना कुणाचा हात नव्हता. पत्रा वाकडातिकडा चिरडला गेला.

दाजी डोळे मिटून तसेच हात जोडून उभे. सखारामनं हात जोडले. दारातल्या काकासाहेबानंही जोडले, मी बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. उजेड नेहमीपेक्षा जास्त होता आणि दुधी प्लास्टिकच्या मागनं काहीतरी त्याला टेकलं होतं. अंगठ्याएवढी सावली. वर निमुळती, मधोमध बारीक फट. जुळलेले दोन तळवे.

मग ते विझलं. आणि भिंतीकडनं एकदम सगळे राहिलेले आवाज परत आले, धाड, धाड, धाड, एकावर एक.

"सखाराम, बघितलंस?"

"मी काय बघितलं नाय," तो म्हणाला. मी काय विचारतोय ते ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाला.

७

पुण्याहून इंजिनिअर आला. त्याला काही सापडलं नाही. आधी आतलं सर्किटचं कार्ड बदललं, मग जुनं पॅनलच काढून घेऊन गेला. नव्या पॅनलला जास्तीची खिडकी नव्हती, ते मी आधी बघून घेतलं. संक्रांतीला नामविस्ताराचा निर्णय झाला. शहर हळूहळू शांत झालं, गेटवर रामराम आणि जय भीम परत ऐकू यायला लागले. त्या खिडकीनं दाजींना वाचवलं, की तिला उत्तर मिळत नव्हतं म्हणून तिनंच प्रेस पाडली, ते मला आजही ठरवता येत नाही. त्या वेळी मी ठरवायच्या फंदात पडलो नाही. हात शाबूत होते. मला झोप हवी होती.

दाजी रजेवर होते. एका संध्याकाळी साळूनं निरोप धाडला म्हणून मुकुंदवाडीला गेलो. त्यांचं दोन खोल्यांचं घर. वीज गेली होती, सगळी गल्ली अंधारात. साळूनं मला उंबऱ्यातच धरलं.

"दादा, त्यांच्या हाताला काय झालंय रे? जेवता जेवता घास टाकतेत आन् हात जोडतेत. चहाची बशी फुटली काल. लेकराला मांडीवर घेतलं होतं, त्याला सोडून हात जोडले. पोरगं पडलं ना खाली."

"घाबरलेत ते. होईल कमी."

"हात तुझ्या हवाली केले होते मी." तिचा आवाज फाटला. "आता कुणाच्या हवाली झालेत ते तरी सांग."

मी चपला काढून आत गेलो. दाजी भिंतीला पाठ लावून पोत्यावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो, त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. गार होते.  अंधारात साळूच्या बांगड्या वाजत होत्या, ती काडेपेटी शोधत होती.

माझ्या मुठीतले हात हलायला लागले. मी घट्ट धरले. जोरानं ओढून त्यांनी ते सोडवून घेतले आणि समोरच्या भिंतीकडं तोंड करून जोडले. समोर विजेचा बोर्ड होता. मीच बसवलेला. दोन बटणं आणि एक जागा पुढंमागं लागेल म्हणून ठेवलेली, वर पांढरी कोरी पट्टी लावून बंद केलेली.

"दाजी, कुणाला करताय? लाइट कुठंय?"

"तिकडनं आधी झाला, पाव्हणं," ते थकल्या आवाजात म्हणाले. "नुसतं बघत बसायचं का?"

मी बोर्डकडं बघितलं नाही. माझे दोन्ही हात मी मांडीखाली दाबून धरले. ते ओढ घेत होते. खाली फरशीच्या रेघा मला स्पष्ट दिसत होत्या, आणि त्या कशामुळं दिसतायत याचा विचार मी करत नव्हतो.

साळूच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

"आली बाई एकदाची लाइट," ती म्हणाली. आवाजात केवढी सुटका होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सवयीनं हात जोडले.

मी मान वर केली. छताचा बल्ब बंद होता. दाराबाहेर सगळी गल्ली अजून अंधारात होती.